सात नंबरची माती

सर, तुमच्या डीप फ्रीजरची किल्ली आता माझ्याकडे आहे.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावलं. तुमच्या खुर्चीत तुमचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. मी नमस्काराला वाकले आणि त्या झेंडूवर कसली फवारणी झाली असेल, वास येतोय का, तेच बघत राहिले. ही सवय तुमचीच. काकूंनी देवघरातल्या डबीतून किल्ली काढली. म्हणाल्या, "दवाखान्यात नेत होतो तेव्हा गाडीत म्हणाले, ही शेळकेला द्या. मला वाटलं पुढं काही सांगतील. तेवढंच बोलले." मी किल्ली पर्समध्ये टाकली. रडू यायला हवं होतं. आलं ते वेगळंच. मलाच का? लॅबमध्ये माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत. हा माणूस जाता जाता माझ्यावर काय लोटून गेला?

कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सगळे म्हणाले, सर प्रेमळ होते, मनमिळाऊ होते. मी मागच्या रांगेत होते. मनमिळाऊ? सर, तुम्ही संशयी होतात. तराजूवर संशय, पाण्यावर संशय, बाटलीवरच्या लेबलवर संशय. मुलाखतीला आले तेव्हा माझं बीएस्सीचं मार्कशीट तुम्ही खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरलंत. मला राग आला. मी म्हणाले, "खरं आहे सर. आमच्या घरातलं पहिलंच आहे, खोटं करायची अक्कल कुणाला?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "ज्याला असते तोही हेच म्हणतो," म्हणालात आणि नोकरीवर घेतलंत.

माझ्या गावाकडची माणसं आजही विचारतात, तू तिथं करतीस काय? मी सांगते, शेतात जे मारतात ते मातीत किती उरतं ते बघतो. श्रीगोंद्याच्या पट्ट्यातली उसाची रानं, त्यात वर्षानुवर्षं मारलेलं तणनाशक, आणि ऊस निघाल्यावर त्याच रानात लावलेला कांदा का पिवळा पडतो, हे तुमचं काम. ऊस तुटून गेला की आपण जायचो. रानात नागमोडी चालायचं, बांध सोडायचा, विहीर सोडायची, झाडाखालची जागा सोडायची. दहा ठिकाणी खड्डा घ्यायचा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. शेवटी किलोभर उरते, तिच्यावर नंबर. शेतकऱ्याचं नाव पिशवीवर नाही, फक्त नंबर. माती कुणाची आहे हे मशीनला कळलं नाही पाहिजे, तुम्ही म्हणायचात. मशीनला कसं कळेल सर, कळायचं ते आपल्यालाच.

आणि तुमचा तो चहाचा नियम. ज्याच्या रानातली माती घेतली त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. आमच्याकडे दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर वाडीभर चर्चा होते. एका म्हाताऱ्यानं तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, "का हो सायेब, इख कालवलंय का आमी त्यात?" तुम्ही म्हणालात, "चहात नाही हो बाबा, रानात आहे का ते बघायला आलोय." म्हातारा इतका हसला की मला वाटलं आता पिणार तुम्ही. नाही प्यायलात. गाडीत बसल्यावर मला म्हणालात, "घोटभर चहानं हात जड होतो. मग त्या माणसाच्या रानाचं वाईट लिहवत नाही." मला तेव्हा ते ढोंग वाटलं. खरं सांगते, पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. आमच्याकडे तणनाशकाला औषध म्हणतात. त्या शब्दावर तुम्ही चिडायचात. "औषध? आजारी कोण होतं? रान आजारी होतं का?" एकदा तुम्ही हे शेतकऱ्यांच्या सभेत बोललात आणि परत येताना गाडीत मी तोंड उघडलं. म्हणाले, "सर, माझी आई आजारी होती. कमरेतून. दिवसभर उकिडवं बसून दुसऱ्याच्या आणि आमच्या रानात खुरपायची. मी शाळेतून आले की तिच्या शेजारची पात धरायचे. ज्या वर्षी अण्णांनी पहिल्यांदा उसात तणनाशक मारलं त्या वर्षी मला खुरपायला कुणी बोलावलं नाही. त्या वर्षी मी अकरावीला गेले. माझी डिग्री त्या कॅनमधून आलीय. काकूंनी कधी खुरपं धरलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी आलात. "तुझ्या आईच्या कमरेचं उत्तर माझ्याकडं नाही," म्हणालात. "पण कॅनवर लिहिलंय त्याच्या दुप्पट का मारतात, ते तुझ्या अण्णांना विचारून ये." मी म्हणाले, आमचे अण्णा दुप्पट मारत नाहीत. इतक्या ठसक्यात म्हणाले की तुम्ही पुढं गेलात. मी अण्णांना विचारलं नाही.

आता सात नंबर.

तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं, की सात नंबरचं रान माझ्या माहेरचं आहे. लग्नानंतर मी शेळके झाले. यादीत माहेरचं नाव होतं, दरेकर. दरेकर त्या भागात ढिगानं आहेत. त्या दिवशी तुम्हाला विद्यापीठात बैठक होती, मी एकटीच एसटीनं गेले. घरी पोचले तर अण्णांनी पिशवी भरून ओट्यावर ठेवलेली. तोंड सुतळीनं बांधलेलं.

"ही काय?"

"तुझी माती. तू उनात कशाला हिंडतीस? मी काढून ठिवली."

"कुठली काढली अण्णा?"

"आपल्याच रानातली, दुसऱ्याची कशाला देईन? चांगली बघून दिली हाय. सरकारच्या मशीनीत जायची म्हनल्यावर."

आईनं ताट वाढलं होतं. बाजरीची भाकरी, शेंगोळ्या, वर कच्चा कांदा. मी जेवले. परतीची गाडी गाठायची होती. पिशवी उचलली आणि लॅबमध्ये येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना क्रमांक सात, दहा ठिकाणांहून, स्वतः काढला.

सर, माती चाळताना चाळणीत एक लिंबोळी आली. वाळलेली, सुरकुतलेली. उसाच्या रानाच्या मध्यात लिंबोळी येत नाही. आमच्या रानात कडुलिंबाचं झाड एकच, कोपऱ्यात, त्याच्या बुडाशी म्हसोबाचा दगड. तेवढ्या जागेत नांगर जात नाही, फवारणीचा पंपही नाही. पेरणीला ओटीत पहिली ओंजळ घेतात ती तिथल्या मातीची. अण्णांनी मला देवाजवळची माती दिली होती. मुलगी दाखवायची तर घरातलं चांगलं लुगडं नेसवतात, तशी. यात त्यांना खोटेपणा वाटलाच नव्हता. मला कळलं, आणि मी ती लिंबोळी चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मशीननं जे दाखवायचं ते दाखवलं. आजूबाजूच्या सगळ्या नंबरांच्या कागदावर तणनाशकाची टोकं उभी राहिली. सात नंबरची सरळ रेघ. तुम्ही कागद खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरलात. "सात नंबर फारच सज्जन दिसतोय," म्हणालात. मग सहज विचारल्यासारखं विचारलंत, "त्या रानात झाड आहे का गं कुठलं?"

"नाही सर."

का विचारलंत? कचऱ्याचा डबा पाहिला होतात? त्या दिवसापासून नमुने ठेवायच्या फ्रीजरला कुलूप लागलं. तुमचं आजोळ शनिशिंगणापूरच्या शेजारचं, जिथं घराला दार लावत नाहीत. त्या गावात लहानाचा मोठा झालेला माणूस मातीला कुलूप घालतो, यावर लॅबमध्ये सगळे हसले. मीही हसले. कुलूप माझ्यासाठी होतं.

मग मीही तुमच्यावर नजर ठेवायला लागले. माणूस स्वतः खोटं बोललेला असला की त्याला समोरच्यात खोट लवकर दिसते. पुढच्या आठवड्यात मी माहेराहून परत निघाले होते. एसटी श्रीगोंद्याच्या पेठेत थांबली आणि खिडकीतून मला तुमची स्कूटर दिसली, कृषी सेवा केंद्राच्या पायरीशी. आत तुम्ही काउंटरपाशी बसलेले. दुकानदार शेठ वही उघडून तुमच्यापुढे वाकलेला. ज्या माणसाला शेतकऱ्याचा चहा चालत नाही तो तणनाशक विकणाऱ्याच्या दुकानात बसलाय! दोन दिवसांनी त्याच शेठचा मला फोन. "ताई, सात नंबर स्वच्छ निघाला म्हणे? तेच औषध, तेच कॅन. म्हणजे दोष औषधाचा नाही ना? लोकांना सांगतोय मी, बिनधास्त कांदा लावा." नंबर बाहेर गेला कसा? यादी तुमच्याकडे आणि माझ्याकडे, तिसऱ्या कुणाकडे नाही. मी मनाशी पक्कं केलं. सर विकले गेले.

शेवटच्या शुक्रवारी मी तुम्हाला टोमणा मारला. तुम्ही निघताना नेहमीप्रमाणे विचारलंत, "आणखी काही?" रोज विचारायचात. मी म्हणाले, "माझं काही नाही. पेठेतल्या दुकानांचा चहा चालायला लागला म्हणे तुम्हाला." तुमचा हात दाराच्या कडीवर होता. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. रागानं नव्हे. राग आला असता तर तो मला आयुष्यभर पुरला असता. "सोमवारी काकड्या लावू," म्हणालात. "सात नंबरच्या. दोन रांगा."

काकड्या ही तुमची जुनी खोड. मशीनवर विश्वास नाही म्हणून तुम्ही त्याच मातीत प्लास्टिकच्या पेल्यांत काकडीचं बी टोकायचात. तणनाशक असेल तर रोप उगवतं, आठ-पंधरा दिवस छान दिसतं, मग पानाच्या कडा पिवळ्या पडून मरतं. माती एक आणि रांगा दोन कशाला, हे मी विचारलं नाही. रविवारी दुपारी तुमच्या छातीत दुखायला लागलं. सोमवार आलाच नाही.

किल्ली मिळाल्यावर दोन दिवस मी फ्रीजर उघडला नाही. उघडला तेव्हा वरच्याच कप्प्यात सात नंबरच्या दोन पिशव्या होत्या. एक माझी. दुसरी तुमची, तुमच्या तिरप्या अक्षरात, शाई थंडीनं फुटलेली. नंबर, तारीख, आणि खाली: दहा ठिकाणांहून. स्वतः काढला. चहा घेतला.

मी बर्फात हात घालून तशीच उभी राहिले. बोटं बधिर झाली तेव्हा भान आलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून माहेरी गेले. ऊस निघून रान नांगरून पडलेलं, कांद्याचं रोप वाफ्यात तयार. अण्णा वाफ्याला पाणी देत होते.

"अण्णा, आमचे सर आले होते इथं?"

"व्हय. लई गोड मानूस. वारले म्हनं ना? वंगाळ झालं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्येच म्हनले, तिला मी सांगतो. सबंध रान हिंडले उनाचं. आपल्या हातानं खड्डं घेतलं, मला फावडं धरू दिलं न्हाई. मग म्हसोबापाशी बसले, त्या लिंबाखाली. मी म्हनलं, सायेब, हितली पन घ्या, ही लई चांगली हाय, मागं हितलीच दिल्ती. तर हसाय लागले."

"आणि चहा?"

"मागून घेतला! वसरीत आले, तुझा त्यो डिग्रीचा काळ्या झग्यातला फोटू हाय ना भितीवर, त्यो बघत हुबं राहिले. मग म्हनले, तुमच्या लेकीनं हितं जेवन केलं आसंल, मला चहा तरी द्या."

मी खाली बसले. अण्णांनी पाण्याचा नळ बंद केला. "का गं पोरी? काय चुकलं का आमचं?"

मी विचारलं, "कॅनवर लिहिलंय तेवढंच मारता का दुप्पट?" इतक्या वर्षांनी विचारलं. अण्णा वाफ्याकडे बघत म्हणाले, "तेवढ्यानं हराळी मरती व्हय? शेठच म्हनला, वाढवून मारा. तुझ्या सरांनी पन हेच इचारलं. शेठची वही बघून आले हुते, किती कॅन आनले आमी त्ये." मग एकदम खुलून, "पन आपली माती पास झाली की! तू फोनवर सांगितलंस त्येच दिवशी मी शेठला सांगितलं. म्हनलं, आमच्या पोरीच्या मशीनीत आमची सात नंबरची माती पास."

म्हणजे नंबर मीच फोडला होता, सर. आईला खुशाली सांगता सांगता.

लॅबमध्ये आले आणि तुमच्या दोन रांगा लावल्या. पेले लॅबमध्ये ठेवले नाहीत, अण्णांच्या वसरीत नेऊन ठेवले, त्या फोटोखाली. तुम्ही रागावला असतात, नियमात बसत नाही. पण अण्णांनी कागदावरच्या टोकावर विश्वास ठेवला नसता. मी त्यांना एवढंच म्हणाले, "या रोपांचं काय होतं ते दिसेपर्यंत कांदा लावू नका." आठ दिवस दोन्ही रांगा हिरव्या. अण्णा फोनवर मला चिडवत, "तुझ्या सरांच्या काकड्या लई जोरात हायेत, कोशिंबीर करावी का?" मग एक दिवस फोनच आला नाही. रविवारी गेले तर एका रांगेची पानं कडेनं पिवळी, कागदासारखी झालेली. दुसरी रांग तशीच टवटवीत.

अण्णा समोर उकिडवे बसले होते. आई खुरपायला बसायची तसे. मग म्हणाले, "ही हिरवी म्हसोबाची?"

"हो."

"ती देवाची. ती कशी बी पास व्हनारच." मेलेल्या रांगेवर हात ठेवून म्हणाले, "आपली ही."

दुपारनंतर त्यांनी दोन पेले उचलले, एक हिरवा, एक पिवळा, आणि बांधाबांधानं गेले. कांदा लावायला निघालेल्या प्रत्येकाला दाखवत. शेठच्या दुकानात गेले की नाही मला माहीत नाही. मी विचारलं, तर "बघू" म्हणाले. वाफ्यातलं रोप अजून तसंच उभं आहे.

मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं आहे की सात नंबरची माझी नोंद खोटी होती आणि ते रान माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे तुमच्यासारखं बघितलं. नोकरी राहील किंवा जाईल. अहवाल जाईल तेव्हा सात नंबर तुमच्या पिशवीचा असेल, माझ्या नव्हे.

पण सर, तुमच्यावरचा माझा संशय गेलेला नाही, आणि तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. पुन्हा नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी तुम्ही मला "आणखी काही?" विचारलंत आणि मी "काही नाही" म्हणत राहिले. ती माया होती की तुम्ही मलाही पेल्यात टोकून बघत होतात, किती दिवसांनी कडा पिवळ्या पडतात ते? तुम्ही "तिला मी सांगतो" म्हणालात. सांगितलं असतंत? की मी सांगेपर्यंत वाट बघत बसला असतात? शुक्रवारी दाराची कडी सोडून तुम्ही परत आत आला असतात तर मी बोलले असते. असं मला वाटतं. या वाटण्यावरही तुम्ही संशय घेतला असतात, आणि बरोबर घेतला असतात.

आईच्या कमरेवरचं भांडण तर तसंच आहे. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. आता ते मला एकटीला भांडावं लागणार.

फ्रीजरला मी कुलूप लावते. लॅबमधले हसतात, हसू देत. काल रजिस्टर काढलं, सात नंबरचं पान उघडलं. जुनी ओळ खोडली नाही, तुम्ही खोडाखोड चालू द्यायचा नाहीत. तिच्यातून एक रेघ मारली, सही केली आणि खाली तुमच्यासारखंच लिहिलं:

नमुना मी काढला नाही. वडिलांनी दिला. जेवण केलं.